एन्ट्रॉपी कशी वाढवावी: नवशिक्यांसाठी घरगुती पुस्तिका

अभिनंदन! ही पुस्तिका उघडण्याआधीपासूनच तुम्ही या कामात तरबेज आहात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडत असतो. म्हणजे एवढं वाचेपर्यंत जगाच्या एन्ट्रॉपीत तुमच्याकडून दोन-तीन जूल प्रति केल्विनची भर पडलीसुद्धा. पोहायला शिकताना नाकातोंडात पाणी जातं, सायकल शिकताना गुडघे फुटतात. इथे तसलं काही नाही. या विषयात आजवर कोणी नापास झालेलं नाही, आणि हट्टाने शून्य गुण मिळवायचे म्हटलं तरी मिळत नाहीत.

मग पुस्तिका कशाला? जे काम जन्मभर करायचंच आहे, ते निदान हिशोब ठेवून करावं म्हणून.

शब्दाला घाबरू नका. 'एन्ट्रॉपी' हा शब्द रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञांनी 1865 मध्ये घडवला. 'वळण, पालट' अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द घेतला आणि 'एनर्जी'च्या शेजारी शोभून दिसेल असं रूप त्याला दिलं. हिशोबाची रीत सोपी आहे: जेवढी उष्णता गेली किंवा आली, तिला त्या वेळच्या तापमानाने भागायचं. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात 273 मिळवायचे. भागाकार येणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश खुला आहे.

साहित्य

चहा, एक कप: 150 मिलिलिटर, 80 अंश सेल्सिअस.
खोली, एक: 30 अंश सेल्सिअस. पंखा बंद.
स्टीलची सपाट ताटं, दोन. घासून लखलखीत केलेली.
बाटलीची बुचं, चार.
फोन, एक. याला पर्याय नाही; तो वाजल्याशिवाय चहा गार होत नाही.
बशी, एक. सध्या बाजूला ठेवा, शेवटी लागेल.

पायरी पहिली: चहा विसरा

कप टेबलावर ठेवा आणि मावशींचा फोन घ्या. मावशी शेजाऱ्यांच्या पार्किंगपासून सुरुवात करतील, गुडघ्यांवरून जातील आणि कुणाच्या तरी साखरपुड्यात गेलेल्या दागिन्यापाशी थांबतील. तोवर चहावर साय धरलेली असेल. कप उचलून पाहा, बूड गार लागलं पाहिजे. उत्पादन झालं.

आता जमाखर्च. चहाने खोलीला सुमारे 31,000 जूल उष्णता दिली. त्यातला एकही जूल हरवलेला नाही. सगळे याच खोलीत, हवेत, भिंतींत आणि टेबलाच्या लाकडात आहेत. एन्ट्रॉपीचा हिशोब मात्र जुळत नाही. निवताना चहाच्या खात्यातून 96 एककं (जूल प्रति केल्विन) गेली आणि खोलीच्या खात्यात जवळपास 104 जमा झाली. वरची 8 कोणी दिली? कोणीच नाही. ती वाटेत तयार झाली. हाच तुमचा माल.

त्याची किंमतही कळायला हवी. फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो यांनी 1824 मध्येच सांगून ठेवलं होतं की जिथे तापमानात फरक आहे तिथे काम करून घेता येतं. काम न करताच तो फरक मिटू दिला तर संधी वाया गेली. तुमच्या कपातली वाया गेलेली संधी सुमारे 2,300 जुलांची होती. आदर्श यंत्र हाताशी असतं तर तेवढ्यात 5 किलो कणकेची पिशवी पंधराव्या मजल्यावर चढली असती. ज्या सोसायटीत लिफ्ट बंद आहे, तिथे हा आकडा जपून सांगावा.

पायरी दुसरी: शुद्ध माल बनवा

कपातली उष्णता भेसळीच्या वाटेने जाते. बरीचशी वाफेच्या पाठीवर बसून निघते, काही वर चढणाऱ्या हवेबरोबर वाहून जाते. आपल्याला हवं आहे ते हवा जागची न हलता तिच्यातून होणारं उष्णतावहन.

त्यासाठी 30 सेंटिमीटर रुंदीचं एक ताट नळाच्या पाण्याने भरलेल्या परातीत टेकवा. त्यावर चार बुचं ठेवून, मध्ये एक सेंटिमीटर हवा राहील असं दुसरं ताट ठेवा. वरच्या ताटात 80 अंशांचं पाणी ओता आणि ते तेवढंच गरम राहील अशी सोय करा.

सावधान: गरम ताट वरच हवं. नवशिके हमखास उलटं करतात, कारण स्वयंपाकघरात शेगडी नेहमी खाली असते. खालून तापवलेली हवा हलकी होऊन वर पळते, थंड हवा तिच्या जागी उतरते आणि अभिसरण सुरू होतं. तो वेगळा अभ्यासक्रम आहे, त्याची फीही वेगळी. ताटं लखलखीत हवीत तीही अशासाठी, की काळवंडलेल्या ताटातून प्रारणाने बरीच उष्णता परस्पर निसटते.

सगळं नीट जमलं तर मधल्या हवेतून साधारण 10 वॅट उष्णता खाली उतरेल आणि तासाला सुमारे 17 एककं एन्ट्रॉपी तयार होईल. म्हणजे दोन कप विसरलेल्या चहाइतकी, तीही मावशींचा वेळ न घेता.

पायरी तिसरी: फाइल कशी उतरते ते पाहा

एन्ट्रॉपी नेमकी कुठे तयार होते? वरच्या ताटात नाही आणि खालच्याही नाही. ती मधल्या बोटभर हवेत, थराथरात तयार होते.

वरच्या ताटातून 10 जूल निघाले, तेव्हा 353 केल्विनने भागून त्यांच्यासोबत 0.0283 एवढी एन्ट्रॉपी होती. तेच 10 जूल खाली 303 केल्विनला पोहोचले, तेव्हा ती 0.0330 झाली. जूल तेवढेच, भागाकार फुगला. कुठल्याही कचेरीत फाइल अशीच उतरते. वरच्या टेबलावरून निघताना आत एक अर्ज असतो. प्रत्येक टेबलावर एक शेरा पडतो. तळाला पोहोचेपर्यंत अर्ज तोच असतो, शेरे मात्र चार पानं झालेले असतात, आणि एकदा पडलेला शेरा कोणी खोडत नाही.

आता दोन ताटांतला फरक निम्मा करून पाहा: वर 55 अंश, खाली 30. उष्णता निम्मी उतरेल, साधारण 5 वॅट. एन्ट्रॉपीचं उत्पादन मात्र निम्मं नाही, जवळजवळ पाव होईल. फरक कमी झाल्याने फाइलही कमी येतात आणि दर फाइलमागचे शेरेही. हा नियम वहीत लिहून ठेवा. पुस्तिकेच्या शेवटी त्याची परीक्षा आहे.

पायरी चौथी: धीर धरा

खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने धावतात. हे ऐकून नवशिक्याला वाटतं की उष्णता क्षणात पलीकडे पोहोचेल. ही शंका काढणारे तुम्ही पहिले नाही. डच हवामानशास्त्रज्ञ बॉयस बॅलट यांनी 1858 मध्ये क्लॉसियस यांना हेच विचारलं होतं: रेणू एवढे चपळ असतील, तर जेवणाची ताटं आत आणल्याबरोबर खोलीच्या दुसऱ्या टोकाला वास का येत नाही? ज्यांच्या घरी फोडणी बसते त्यांना हा प्रश्न जास्त समजावून सांगावा लागत नाही.

क्लॉसियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. रेणू वेगाने धावतो, पण त्याला मोकळी वाट मिळत नाही. आजच्या मोजमापानुसार हवेतला रेणू जेमतेम 65-70 नॅनोमीटर जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळतो. सेकंदाला सुमारे सात अब्ज टकरा. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर माणूस कितीही घाईत असला तरी पुढे सरकत नाही, तसंच हे. फक्त पुलावर माणसाला निदान आपल्याला कुठे जायचंय ते आठवत असतं. रेणूची दिशा दर टकरीला बदलते.

म्हणून वेळापत्रक असं समजा: स्थिर हवेतून उष्णतेचा परिणाम एक सेंटिमीटर पसरायला साधारण 5 सेकंद, दहा सेंटिमीटर पसरायला 8 मिनिटं, आणि एक मीटर पसरायला 14 तास. अंतर दसपट झालं की वेळ शंभरपट.

याच टकरींत एन्ट्रॉपीचं मूळ आहे. 1872 मध्ये लुडविग बोल्ट्समान यांनी ते गणिताने मांडलं. गरम बाजूचा चपळ रेणू गार बाजूच्या संथ रेणूला धडकतो आणि दोघांची गती वाटली जाते. टकरीआधी ते एकमेकांना अनोळखी होते. टकरीनंतर त्यांच्या गतींत नातं जुळतं. पण पुढच्याच क्षणी दोघेही इतरांवर आदळतात आणि ते नातं गर्दीत विरून जातं. कोण वरून आला आणि कोण खालून, याची नोंद कुठेही उरत नाही.

वायूची खरेदी

हवा सर्वांत स्वस्त आणि कामालाही ठीक. माल जास्त हवा असेल तर हलका वायू घ्या. हलके रेणू त्याच तापमानाला जास्त वेगाने धावतात, म्हणून हेलियम हवेच्या सुमारे सहापट आणि हायड्रोजन सुमारे सातपट उष्णता वाहून नेतो. हेलियममिश्रित वायूत दिवसेंदिवस काम करणाऱ्या खोल समुद्रातल्या पाणबुड्यांना त्यामुळेच लवकर थंडी वाजते, आणि मोठ्या औष्णिक वीजकेंद्रांतली जनित्रं थंड ठेवायला हायड्रोजन वापरतात. घरी मात्र हायड्रोजन आणू नका. एका ठिणगीसरशी एवढी एन्ट्रॉपी तयार होईल की मोजायला घर उरणार नाही. जड वायू मंद असतात. आर्गॉन हवेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, झेनॉन जेमतेम एक पंचमांश.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

*चूक पहिली: एककांचा घोळ.* याची लाज वाटून घेऊ नका. या चुकीला थोर परंपरा आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1860 मध्ये हवेच्या उष्णतावहनाचा हिशोब मांडला, तेव्हा हवा तांब्यापेक्षा एक कोटी पटींनी कमी वाहक ठरली. 1862 मध्ये क्लॉसियस यांनी तो हिशोब तपासला आणि दाखवून दिलं की मॅक्सवेल यांचं एकदा किलोग्रॅमचे पौंड करायचं राहून गेलं होतं आणि एकदा ताशी दिलेला आकडा त्यांनी सेकंदाचा धरला होता. प्रत्यक्षात हा फरक साधारण पंधरा हजार पटींचा आहे. पुढे मॅक्सवेल यांनी विद्युतचुंबकत्वाची समीकरणं दिली, तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी तासांचे सेकंद केले नाहीत म्हणून लगेच कान पिरगाळू नका.

*चूक दुसरी: अर्धी हवा काढणे.* ताटांमधली निम्मी हवा काढली तर वहन निम्मं होईल, असं कोणालाही वाटेल. होत नाही. वाहून नेणारे रेणू निम्मे झाले, पण गर्दीही निम्मी झाल्याने प्रत्येकाची मोकळी धाव दुप्पट झाली, गुणाकार तोच. मॅक्सवेल यांच्या सिद्धांतातून वायूच्या चिकटपणाबद्दलही असाच निष्कर्ष निघाला, आणि तो त्यांनाच इतका चमत्कारिक वाटला की त्यांनी लंडनच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत काचेच्या तबकड्या टांगून तो स्वतः तपासला. वेगवेगळ्या तापमानांना मोजमाप हवं म्हणून भर उन्हाळ्यात शेगडी धगधगत ठेवायची, आधणं ठेवून खोलीत वाफ सोडायची, आणि हे सगळं सांभाळायचं काम पत्नी कॅथरीन यांच्याकडे होतं. 1866 मध्ये निकाल छापून आला: सिद्धांत बरोबर. पुरुषमंडळींनी एवढंच लक्षात घ्यावं की प्रयोगाला शेगडी लागते, आणि ती पेटती ठेवणाऱ्याचं नावही लिहावं लागतं.

वहन खरोखर थांबवायचं तर रेणूची मोकळी धाव फटीच्या रुंदीएवढी झाली पाहिजे. काही मिलिमीटरच्या फटीसाठी हवा नेहमीच्या एक लक्षांशापर्यंत विरळ करावी लागते, आणि त्याच्याही पलीकडे गेल्यावर खरा फायदा दिसतो. जेम्स ड्युअर यांनी 1892 मध्ये दुहेरी भिंतीच्या भांड्यात हेच केलं. त्याचं घरगुती रूप म्हणजे तुमच्या प्रवासातला थर्मास.

*चूक तिसरी: खोली आवरणे.* 'पसारा म्हणजे एन्ट्रॉपी' हे वाचून काही जण उत्साहाने कपाट लावायला घेतात. हिशोब बघा. 500 पुस्तकं वर्णानुक्रमाने लावली तर जगाची जी एन्ट्रॉपी कमी होते, ती लिहायला दशांश चिन्हानंतर आधी एकोणीस शून्यं लागतात आणि मग 36. दीड तास घाम गाळताना तुम्ही खोलीत जी उष्णता सोडलीत, तिची एन्ट्रॉपी सुमारे 3,500. यावरून कपाट न आवरण्याची सबब मिळाली असं समजू नका. ती सबब घरात चालत नाही, याची आम्ही खात्री करून घेतलेली आहे.

शंकासमाधान

*प्रश्न: गार चहा आपोआप पुन्हा गरम का होत नाही? ऊर्जा तर खोलीतच आहे.*
उत्तर: ही तक्रार 1876 मध्ये व्हिएन्नाच्या योहान लोश्मिट यांनी बोल्ट्समान यांच्याकडे नोंदवली होती. टकरीचे नियम उलटेही चालतात. सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी नेमके उलटे केले, तर गेलेली उष्णता आल्या वाटेने परत यायला हवी. बोल्ट्समान यांनी पुढच्या वर्षी मोजणीने उत्तर दिलं. उलटं होणं निषिद्ध नाही, पण ऊर्जा खोलीभर विखुरण्याच्या तऱ्हा ती कपात साठण्याच्या तऱ्हांपेक्षा अनेक पटींनी जास्त आहेत. किती पटींनी? तुमच्या 8 एककांसाठी ती पट लिहायची तर दोन अब्ज कोटी कोटीहून जास्त अंक लागतील. तेव्हा वाट बघायला हरकत नाही, पण मावशींचा फोन त्याच्या आधी संपेल. या मोजणीचं सूत्र बोल्ट्समान यांच्या व्हिएन्नातल्या थडग्यावर कोरलेलं आहे. त्याला आजचं रूप दिलं ते माक्स प्लांक यांनी.

*प्रश्न: फ्रिजमध्ये तर एन्ट्रॉपी कमी होते ना?*
उत्तर: होते. फ्रिजच्या मागे हात लावून बघा. आतून काढलेली उष्णता आणि वर विजेचं बिल, दोन्ही तिथे तुमच्याच खोलीत सोडलेलं आहे.

*प्रश्न: उत्पादन पूर्ण बंद करता येईल का?*
उत्तर: येईल. सगळीकडे एकच तापमान करा. मग काहीच वाहणार नाही, काहीच घडणार नाही, आणि प्रश्न विचारायला तुम्हीही नसाल.

प्रगत वर्ग: उत्पादन कमी कसं करावं

इथवर आलात म्हणजे वाढवणं अंगात मुरलं. आता उलटी विद्या. जिवंत असेपर्यंत एन्ट्रॉपी थांबवता येत नाही, पण सावकाश आणि स्वस्तात करता येते, आणि त्याचं बरंचसं ज्ञान आपल्या घरांत आधीपासून आहे. गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर बारीक टाके. कापड ऊब देत नाही. ऊब टिकवते ती थरांत अडकलेली हवा, जिला टाके आणि धागे जागचं हलू देत नाहीत. हवा वाईट वाहक आहे, फक्त तिला पळू द्यायचं नाही. लोकर, कापूस, पक्ष्यांनी फुगवलेली पिसं, सगळ्यांचं काम हेच.

आता परीक्षा, एकच प्रश्न. गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला तर किती एन्ट्रॉपी तयार होईल?

बहुतेक जण 8 म्हणतात, कारण गेलं तेवढंच परत आणायचं आहे. वही उघडा. चहा आणि खोलीत फरक होता 50 अंशांचा. गॅसची ज्योत मात्र 2,000 केल्विनच्या आसपास असते; ती आणि चहा यांच्यात दीड हजाराहून जास्त अंशांचा उतार आहे, आणि उष्णता तो एका उडीत उतरते. चहाला तेच 31,000 जूल परत देताना 70 ते 80 एककं तयार होतात. भांड्याच्या बाजूने वर गेलेली गरम हवा यात धरलेलीच नाही. निवायला 8 आणि पुन्हा तापायला त्याच्या नऊ-दहापट.

तेव्हा चहा गरम आहे तोवर प्या. फोन वाजलाच, तर तो उचलण्याआधी मघाशी बाजूला ठेवलेली बशी कपावर झाका.